हर्गेसा ते बुराओ : ज्येष्ठांनी उभ्या केलेल्या देशात

शनिवार, हर्गेसा

आदिस अबाबा किंवा दुबईहून विमान पकडलं की दुपारपर्यंत हर्गेसाच्या एगाल विमानतळावर पोचता येतं. हर्गेसा ही सोमालीलँडची राजधानी; आफ्रिकेच्या ईशान्य टोकावरचा, सोमालियापासून फुटलेला हा देश. जानेवारीत इथे ‘जिलाल’ हा कोरडा हंगाम असतो. शहर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या वर वसलेलं, त्यामुळे दुपारी ऊन चटके देतं आणि रात्री स्वेटर लागतो. धूळ मात्र अष्टौप्रहर.

शहराच्या मध्यावर एका चौथऱ्यावर मिग लढाऊ विमान चढवून ठेवलंय. १९८८ मध्ये सोमालियाच्या हुकूमशहा सियाद बर्रेच्या वायुसेनेनं हर्गेसावर बाँब टाकले ते याच शहराच्या विमानतळावरून उडून. शहर जवळजवळ जमीनदोस्त झालं, लाखो लोक सीमा ओलांडून इथिओपियात गेले. आजच्या राज्यव्यवस्थेची मुळं त्या निर्वासितांच्या छावण्यांत आहेत. बर्रेनं १९६९ मध्ये सत्ता घेतल्यावर कुळाचं नाव उच्चारणंही गुन्हा ठरवलं होतं. कुळांच्या वडीलधाऱ्यांना ‘नबद्दोन’, म्हणजे शांतता शोधणारे, असं सरकारी नाव देऊन पगारी हस्तक करायचा प्रयत्न केला. पण छावणीत धान्य कोणाला किती, लढायला कोणत्या घरातला मुलगा जाणार, बंदुकांसाठी पैसा कोण देणार, हे ठरवायला शेवटी तेच पुढे आले. सोमाली नॅशनल मूव्हमेंट या बंडखोर संघटनेनं त्यांची सल्लागार सभा केली. तिचं नाव ‘गुर्ती’. देशाच्या संसदेचं वरिष्ठ सभागृह आज त्याच नावानं चालतं.

सोमालीलँडनं १९९१ मध्ये सोमालियापासून वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. जगातल्या बहुतेक देशांनी अजून मान्यता दिलेली नाही. स्वतःचं चलन, पोलीस, पासपोर्ट, निवडणुका सगळं आहे. प्रवाशाच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच, की इथे भारतीय दूतावास नाही आणि अडचण आली तर मदत बाहेरच्या देशातल्या दूतावासाकडून मागावी लागते.

*कामाच्या गोष्टी :* डॉलर रोख न्या, नोटा नव्या आणि न फाटलेल्या. फुटपाथवर शिलिंगच्या गड्ड्या विटांसारख्या रचून सराफ बसतात, पण फार पैसे बदलू नका. चहावालासुद्धा ‘झाद’ या मोबाइल सेवेनं पैसे घेतो. स्थानिक सिमकार्ड घेऊन त्यात डॉलर भरले की झालं. दारू बेकायदा आहे. बायकांनी डोकं झाकावं.

रविवार, हर्गेसा

नाश्त्याला ‘लहोह’. आंबवलेल्या पिठाचं, एका बाजूनं भाजलेलं, जाळीदार. आपल्या आंबोळीची सख्खी बहीण म्हणावी. वर तीळतेल आणि साखर, किंवा बोकडाच्या काळजाचे परतलेले तुकडे. चहाला ‘शाह’ म्हणतात. त्यात वेलची, दालचिनी आणि साखर हात न आखडता घातलेली.

गुर्तीत ८२ सदस्य आहेत. तेवढेच कनिष्ठ सभागृहात, पण ते मतदानानं निवडले जातात. गुर्तीच्या जागा कुळांत वाटलेल्या आहेत : इसाक कुळाच्या शाखांना बहुतांश, उरलेल्या पश्चिमेकडच्या गदाबुर्सी आणि इस्सा, पूर्वेकडच्या दुलबहान्ते आणि वर्सांगेली यांना. राज्यघटनेप्रमाणे सदस्याचं वय किमान ४५ हवं. कनिष्ठ सभागृहाला ३५ पुरतं. धर्म, परंपरा आणि सुरक्षा या विषयांवरचे कायदे गुर्तीत सुरू होतात. बाकीची विधेयकं खालून वर येतात आणि त्यांचा फेरविचार होतो. आर्थिक विधेयकं त्यातून वगळलेली आहेत. सगळ्यात जड अधिकार वेगळाच आहे. सुरक्षेच्या कारणानं निवडणूक घेता येत नसेल, तर राष्ट्राध्यक्षांची मुदत गुर्ती वाढवू शकते.

हा अधिकार वारंवार वापरला गेलाय. १ ऑक्टोबर २०२२ ला गुर्तीनं राष्ट्राध्यक्ष मूसा बिही यांची मुदत २ वर्षांनी वाढवली आणि त्याच दिवशी स्वतःची ५ वर्षांनी. घटनेत गुर्तीची मुदत ६ वर्षं लिहिली आहे, पण १९९७ पासून तिची निवड एकदाही झालेली नाही. सदस्य वारला की जागा मुलाकडे नाहीतर जवळच्या नातलगाकडे जाते. म्हणजे ज्यांनी लढाया थांबवल्या त्यांच्या खुर्च्यांवर आज पुष्कळ ठिकाणी असे लोक बसतात, ज्यांनी एकही तंटा मिटवलेला नाही. हे हर्गेसातली तरुण मंडळी उघडपणे बोलतात आणि त्यात तथ्य आहे.

दुपारनंतर कामकाज थंडावतं, कारण ‘खात’ ही तरतरी आणणारी पानं चघळायची वेळ होते. ही पानं रोज इथिओपियातून ट्रकनं येतात. वडीलधाऱ्यांना गाठायचं तर सकाळी, चहाच्या टपरीवर. तिथे भेटतो तो ‘अकील’, म्हणजे भावकीचा मुखत्यार, व्यवस्थेचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात राबणारा माणूस. टपरीच्या बाकावर बसलेल्या एका अकिलाच्या हातात लांबट हिशेबाची वही होती : डावीकडे घरांची नावं, उजवीकडे कोणी किती भरले, शेवटच्या रकान्यात मोबाइलवरून आलेल्या पैशांच्या पावतीचा क्रमांक. वर्गणी चुकवणाऱ्याच्या नावापुढे लाल रेघ. सुल्तानाला, म्हणजे कुळाच्या प्रमुखाला, मान मोठा, पण रक्ताचे हिशेब अकिलाच्या वहीत असतात.

खून झाला, किंवा गाडीखाली माणूस गेला, की काय होतं ते पायरीपायरीनं असं :

पहिल्या काही तासांत तिसऱ्याच, दोन्हीकडून तटस्थ असलेल्या कुळाचे ज्येष्ठ मध्ये पडतात आणि सूड घेणार नाही असा शब्द घेतात. पोलीस आरोपीला आत टाकतात. कायद्यासाठी तर खरंच, पण बाहेर त्याचा जीव धोक्यात असतो म्हणूनही. आरोपीच्या भावकीकडून दफनाच्या खर्चाची रक्कम लगेच पोचवली जाते. ती उशिरा पोचली तर पुढची बोलणी बिघडतात, कारण तो अपमान समजला जातो. मग ‘एर्गो’, म्हणजे ज्येष्ठांचं शिष्टमंडळ, मयताच्या घरच्यांकडे जातं. दोन्ही पक्षांना मान्य असे पंच बसतात आणि पूर्वीचे दाखले काढतात. ‘हेर’ हा सोमाली रूढकायदा लिहिलेला नसतो. दोन कुळांमधले जुने निवाडे हाच त्याचा आधार, म्हणून दाखले तोंडपाठ असलेला म्हातारा सोन्याच्या मोलाचा. शेवटी रक्तभरपाई ठरते, तिला अरबीतून आलेला ‘दिया’ हा शब्द आहे. रूढ दर पुरुषासाठी १०० उंट, बाईसाठी ५०.

उंट आता क्वचितच हाकत नेतात. निवाड्यातच एका उंटाची किंमत ठरवतात. समजा ३०० डॉलर धरले, तर १०० उंटांचे ३०,००० डॉलर झाले. दिया मिळून भरणाऱ्या भावकीच्या गटात १,५०० पुरुष असतील तर प्रत्येकी २० डॉलर. खुन्याच्या सख्ख्या भावकीवर अर्थातच जास्त बोजा. करार कागदावर उतरतो, दोन्हीकडचे अंगठे आणि सह्या होतात आणि तो न्यायालयात नोंदवला जातो. मयताच्या घरच्यांनी दिया नाकारली तर न्यायालय मृत्युदंड देऊ शकतं, म्हणून सगळे ज्येष्ठ त्या घराची मनधरणी करत असतात.

बिघडतं कुठे? एक, पैसेवाल्या मोठ्या कुळाला भरपाई जड जात नाही, त्यामुळे दांडगाईला आळा बसत नाही. दोन, गबोये यांच्यासारख्या अल्पसंख्य गटांमागे ना माणसं ना बंदुका. त्यांच्या मयताची दिया ठरली तरी वसूल होत नाही. तीन, बलात्काराचं प्रकरण ज्येष्ठांच्या सभेत गेलं की त्यात बाई बोलत नाही, पुरुष बोलतात आणि पैसे तिच्या बापाच्या हातात जातात. सभेत बायकांना जागाच नाही. वैर मिटवायला मुलगी देण्याची चालही होती. या गोष्टींचं समर्थन परंपरेच्या नावावर होऊ शकत नाही.

सोमवार, बोरामा

पश्चिमेला १२० किलोमीटरच्या आसपास. गेबिलेच्या पुढे ज्वारी-मक्याची शेतं लागतात. सोमालीलँडमध्ये शेती बघायला मिळणारा हा थोडकाच पट्टा. बोरामा थंड हवेचं, टेकड्यांतलं गाव, आमूद विद्यापीठाचं.

१९९३ च्या जानेवारीत इथे कुळांची परिषद बसली आणि मे महिन्यापर्यंत चालली. मत द्यायचा अधिकार १५० ज्येष्ठांना होता, भोवती शेकडो निरीक्षक. अध्यक्षस्थानी गुर्तीचे शेख इब्राहिम शेख यूसुफ शेख मदार. आधीच्या वर्षी देश पुन्हा यादवीत ओढला गेला होता. बंडखोर संघटनेचं सरकार पगार देऊ शकत नव्हतं आणि टोळकी रस्त्यांवर नाकी लावून लूट करत होती.

परिषदेनं दोन कागद केले. पहिला शांततेचा : प्रत्येक कुळ आपापल्या मुलुखातल्या हत्यारबंद पोरांची जबाबदारी घेईल, त्यांना नाक्यांवरून उठवेल, बंदुका बसवलेल्या गाड्या सरकारजमा करेल आणि आपल्या हद्दीत झालेल्या लुटीची भरपाई देईल. दुसरा राज्यकारभाराचा : राष्ट्राध्यक्ष, दोन सभागृहं, त्यातलं वरचं गुर्तीचं. ५ मे १९९३ ला मोहम्मद हाजी इब्राहिम एगाल राष्ट्राध्यक्ष निवडले गेले आणि अब्दिरहमान अहमद अली तूर यांनी पद सोडलं. सत्तांतर गोळीशिवाय झालं, तेही बंदुकांनी भरलेल्या देशात.

पैसा कुठून आला हा खरा प्रश्न, आणि बोराम्यातले जुने लोक त्याचं उत्तर अभिमानानं देतात. यजमान गदाबुर्सी. युद्धात हे कुळ बव्हंशी विजेत्यांच्या बाजूचं नव्हतं, तरी पाहुण्यांना जागा दिली, बोकड कापले, भात रांधला. बाकीची मदत इतर कुळांची, व्यापाऱ्यांची आणि परदेशातल्या सोमालींची. बाहेरच्या संस्थांचा हात लहान. म्हणून परिषदेला घाई नव्हती. पटेपर्यंत बोलायचं, मत टाळायचं, आणि अगदीच अडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. यजमान खर्च सोसतोय हे ज्याला दिसतं, त्याला उगाच अडून बसायची लाज वाटते.

दुपारी बोकडाचं मटण, भात आणि सोबत केळं. केळं भाताबरोबरच खायचं, नंतर नाही. शेजारी उंटिणीचं दूध ठेवलेलं असतं. पहिल्यांदा अर्धा पेलाच घ्या, पोट बिघडू शकतं.

मंगळवार, बर्बेरा आणि शेख

हर्गेसाहून बर्बेराकडे निघालं की ५५ किलोमीटरच्या सुमाराला लास गेल. खडकांवर रंगवलेल्या, गळ्यात पट्टे ल्यालेल्या गायी हजारो वर्षांच्या आहेत. परवाना हर्गेसातच काढा, जागेवर मिळत नाही. हर्गेसाबाहेर, विशेषतः पूर्वेला, परदेशी माणसाबरोबर हत्यारबंद पोलीस लागतो. त्याचा रोजचा भत्ता आणि जेवण तुमच्याकडे. नियम बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलात विचारा.

बर्बेरात जानेवारीची हवा सुखाची असते. जूनपासून तापमान चाळिशीपार जातं आणि श्रीमंत लोक शेख या डोंगरातल्या गावी पळतात. जुन्या पेठेत पोवळ्याच्या दगडांची तुर्की धाटणीची घरं कोसळत चालली आहेत. या बंदराचं मुंबईशी थेट नातं आहे. १८८४ नंतर ब्रिटिशांनी हा किनारा एडनमधून चालवला आणि एडन मुंबई इलाख्याच्या ताब्यात होतं. १८९८ पर्यंत तो कारभार भारताकडे राहिला. चलन म्हणून भारतीय रुपया त्यानंतरही अनेक वर्षं चालला आणि इथल्या न्यायालयांत भारतीय दंड संहिता वापरात होती. पगारी अकीलही याच काळात रुजले. आधीच्या इजिप्शियन राजवटीनं काढलेली वाट ब्रिटिशांनी पक्की केली. म्हणून ‘पारंपरिक’ अकील पुरातन आहे असं धरून चालू नये. त्याच्या पदावर सरकारी पगाराचा शिक्का पहिल्यापासून आहे.

बर्बेराचं बंदर म्हणजे देशाची तिजोरी. पशुधनाची निर्यात, आयातीवरची जकात सगळं इथलं. १९९२ मध्ये त्यासाठीच लढाई पेटली : सरकारला बंदर ताब्यात हवं होतं, स्थानिक कुळाला ते आपलं वाटत होतं. ही गाठ सुटली वर डोंगरात, शेखमध्ये.

बर्बेराहून शेखचा घाट तासाभरात चढतो. वळणं तीव्र, ट्रकांच्या ब्रेकचा जळका वास, आणि वर पोचलं की थंड वारा. ऑक्टोबर १९९२ मध्ये इथल्या सभेत मध्यस्थी गदाबुर्सी ज्येष्ठांनी केली, कारण भांडणारे दोघेही इसाकच होते आणि तिसऱ्याशिवाय तोडगा नव्हता. निवाडा असा : बंदर, विमानतळ यांसारख्या जागा कोणत्याही कुळाच्या नाहीत, सरकारच्या. त्यात मख्खी अशी की अट सगळ्यांना सारखी लावली गेली. फक्त बर्बेराच्या कुळाला बंदर सोडायला सांगितलं असतं तर ते कधीच झालं नसतं. हर्गेसातल्या कुळानंही विमानतळावरचा हक्क सोडायचा, असं ठरलं तेव्हा हात मोकळे झाले. पुढची बोरामा परिषद या निवाड्यावर उभी आहे, आणि बर्बेराच्या जकातीशिवाय एगाल यांचं सरकार वर्षभरही टिकलं नसतं. शेखबद्दल फारसं लिहिलं जात नाही, हे खटकतं.

बुधवार, बुराओ

पहाटे साडेसहाला जनावरांच्या बाजारात पोचावं. आफ्रिकेच्या शिंगातल्या मोठ्या बाजारांपैकी हा एक. दलाल आणि गिऱ्हाईक कापडाखाली हात धरून बोटांनी भाव करतात, त्यामुळे शेजारच्याला आकडा कळत नाही. हजच्या आधीचे आठवडे असतील तर मेंढ्या-बोकडांनी मैदान भरून जातं, ट्रक भरले की बर्बेराकडे आणि तिथून सौदीला. सौदा होताना साक्षीदार म्हणून ओळखीचा माणूस लागतो, कारण जनावर चोरीचं निघालं तर कोणत्या कुळाकडे जायचं ते आधी ठरलेलं असलं पाहिजे. फोटो विचारूनच काढा. उंटांचे चालतील, माणसांचे नाही असं सांगणारे भेटतात.

एप्रिल-मे १९९१ मध्ये उत्तरेच्या कुळांची मोठी परिषद याच गावात झाली आणि १८ मेला स्वातंत्र्य जाहीर झालं. परिषदेला आलेल्या बंडखोर नेत्यांच्या मनात संघराज्याचे पर्याय होते; गावातल्या आणि लढवय्यांच्या दबावापुढे ते मागे पडले. ज्येष्ठांचं मोठं काम दुसरंच : युद्धात बर्रेच्या बाजूनं लढलेल्या कुळांवर सूड घ्यायचा नाही, मेलेल्यांचा हिशेब दोन्ही बाजूंनी मिटवायचा, बळकावलेली जमीन परत करायची. हरलेल्यांनाही त्याच सभेत बसवलं, हा निर्णय दक्षिणेत मोगादिशूनं, सोमालियाच्या राजधानीनं, घेतला नाही आणि त्याची किंमत अजून मोजतोय.

गुरुवार, पुन्हा हर्गेसा

शुक्रवारी सगळं बंद, म्हणून भेटीगाठी गुरुवारीच उरकायच्या.

बोराम्यानंतरची मोठी परिषद हर्गेसात, ऑक्टोबर १९९६ ते फेब्रुवारी १९९७. त्या वेळी खर्च सरकारनं केला. एगाल पुन्हा निवडून आले, अंतरिम घटना झाली, पुन्हा पेटलेल्या लढाया थांबल्या. तरीही जुने ज्येष्ठ या परिषदेबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. माझ्या मते गुर्तीची घसरण इथून सुरू झाली. आपल्या माणसांच्या भातावर बसलेला ज्येष्ठ त्यांनाच जबाबदार असतो. सरकारी पगारावर राजधानीत घर केलेला ज्येष्ठ कुरणातला तंटा मिटवायला निघाला तर लोक विचारतात, तुला पाठवलं कोणी? तरीही मे २००२ मध्ये एगाल परदेशात वारले तेव्हा काही तासांत उपाध्यक्ष दाहिर रियाले काहिन यांचा शपथविधी झाला, आणि २००३ च्या निवडणुकीत ते अवघ्या ८० मतांनी पुढे आहेत असं आयोगानं जाहीर केलं तेव्हा हरलेल्या सिलान्यो यांनी रस्त्यावर उतरू नये म्हणून ज्येष्ठांनी रदबदली केली. हे दोन्ही प्रसंग दुसऱ्या कुठल्या देशात बंडात संपले असते.

उलटी बाजू पूर्वेला, लास आनोदमध्ये. तिकडे प्रवाशानं जाऊ नये. दुलबहान्ते कुळाचे ‘गराद’ हे प्रमुख तिथे जमले आणि ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांनी आपला प्रदेश सोमालियाच्या संघराज्यात राहील असं जाहीर केलं. लढाई ऑगस्टपर्यंत चालली, सोमालीलँडचं सैन्य मागे हटलं. गुर्तीत दुलबहान्तेंच्या जागा होत्या. पण त्या जागांवरच्या लोकांचं तिकडे कोणी ऐकत नव्हतं. ऐकलं ते गरादांचं, जे पगारावर नव्हते.

मोगादिशूतली पद्धत वेगळी. तिथे २००० पासून साडेचारचं सूत्र चालतं : चार मोठ्या कुळांना समान वाटा, उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. २०१२ मध्ये १३५ ज्येष्ठांनी २७५ खासदार नेमले. २०१६ मध्ये प्रत्येक जागेसाठी ५१ जणांचं मतदारमंडळ झालं, एकूण १४,०२५ लोक. पुढच्या खेपेला प्रत्येक जागेमागे १०१. मतदार थोडे आणि ओळखीचे असले की प्रत्येक मताची किंमत ठरवता येते. मतं विकत घेतल्याचे आरोप प्रत्येक वेळी झाले. ज्येष्ठांकडे तंटा मिटवायचं काम असतं तेव्हा त्यांचा शब्द चालतो. खासदार निवडायचं काम दिलं की तो शब्द विकाऊ होतो आणि नवे ‘सुल्तान’ उगवतात. सोमालीलँडमध्येही गेल्या तीस वर्षांत बिरुदधारी प्रमुखांची संख्या फुगली आहे.

मे २०२१ च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहाच्या ८२ जागांवर एकही बाई निवडून आली नाही, कारण उमेदवार कोण हे आधी कुळात ठरतं आणि कुळाच्या सभेत बाई नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अब्दिरहमान मोहम्मद अब्दुल्लाही ‘इरो’ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, हरलेल्या अध्यक्षांनी निकाल मानला. गुर्तीची निवड कशी करायची यासाठी मात्र कायदा हवा आहे. निम्म्या जागा कुळांनी नेमायच्या आणि निम्म्या मतदानानं भरायच्या, की सगळ्याच मतदानानं, यावर चहाच्या बाकांवर रोज वाद होतो. जुन्या अकिलांचं म्हणणं असं, की काहीही करा, पण सदस्याला वर्षातले काही महिने आपल्या कुरणात राहायची सक्ती करा.

जाताना विमानतळावर निर्गमन शुल्क डॉलरमध्ये मागतात, तेवढे सुटे हातात ठेवा. उरलेले शिलिंग देशाबाहेर कोणी घेत नाही. ते आदल्या दिवशीच खर्च करून टाका.